आठ नंबरच्या पेटीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुनी टपालपेटी आहे. कांदिवलीतल्या एका चारमजली इमारतीत, जिन्याखालच्या भिंतीवर आम्ही सोळा बहिणी टांगलेल्या आहोत. मी आठ नंबरची. मला सहसा राग येत नाही. पण यंदा जे पाहिलं, ते बोलून दाखवल्याशिवाय राहवत नाही.

माझा जन्म अंधेरीच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे पत्रा कापला, वाकवला, हिरवा रंग दिला, आणि पत्र आत पडावं म्हणून वरच्या बाजूला फट ठेवली. तरुणपणी माझा काय थाट होता! आठ नंबरात कोकणातलं कुटुंब राहायचं. मुलाला नोकरी लागल्याचं पत्र माझ्यातून निघालं, तेव्हा त्याच्या आईने मला हळदकुंकू लावलं होतं. पुढे ते लोक विरारला गेले, घर भाड्याने दिलं. मग माझ्यात विजेची बिलं आणि क्लासेसच्या जाहिराती तेवढ्या पडू लागल्या.

या जानेवारीत आठ नंबरात अकिनी आली. केनियाची, चोवीस वर्षांची. हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करणाऱ्या अंधेरीच्या एका कंपनीत ती काम करते. जिन्यात कुणीही भेटलं की ती "नमस्कार" म्हणायची. लोक उत्तर न देता भिंतीला चिकटून उभे राहायचे. बायका न विचारता तिच्या केसांना हात लावायच्या. "काका, पाणी कधी येणार?" असं तिने चांगलं मराठीत विचारलं, तरी उत्तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत मिळायचं. फाटकाशी थांबलेला रिक्षावाला तिला "नाही जाणार" म्हणायचा आणि दुसऱ्याच क्षणी मागच्या माणसाला बसवून निघून जायचा. हे सगळं मी पाहत होते.

तिचा धाकटा भाऊ ओटिएनो तिकडे केनियात वसतिगृहाच्या शाळेत शिकतो. शाळेत फोनला बंदी, म्हणून तो पत्र लिहिणार होता. अकिनीने सोसायटीचे सेक्रेटरी शरच्चंद्रकाका यांना विचारलं, "पेटीवर माझं नाव लावू का?"

"भाडेकरूंची नावं लावत नाही आपण. नियम आहे," काका म्हणाले.

खोटं! माझ्या शेजारी नऊ नंबरच्या पेटीवर श्वेताचं नाव दोन वर्षं लागलेलं आहे, आणि तीही भाडेकरूच. अकिनीने कागदावर नाव लिहून मला चिकटवलं. दुसऱ्या दिवशी काकांनी ते नखांनी खरवडून काढलं.

फेब्रुवारीत पोस्टमन लवू एक लिफाफा घेऊन आला. त्यावर अकिनीचं नाव आणि इमारतीचा पत्ता होता. घराचा नंबर लिहायला मात्र ओटिएनो विसरला होता. लवूने समोर उभ्या असलेल्या काकांना विचारलं.

"या नावाचं इथे कोणी राहत नाही," काका म्हणाले.

मित्रांनो, दहा मिनिटांपूर्वीच ती त्यांना नमस्कार करून कामाला गेली होती! मला ओरडावंसं वाटलं. पण पेटीला तोंड असतं, आवाज नसतो. पत्र परत गेलं. मार्चमध्ये दुसरं आलं, तेही तसंच परत गेलं. अकिनी मात्र रोज संध्याकाळी मला उघडून आत हात फिरवायची.

एप्रिलमध्ये ओटिएनोला सुट्टी लागली आणि त्याचा फोन आला. ती जिन्यातच बोलत होती. भाषा मला कळली नाही, पण ती खालच्या पायरीवर मटकन बसली, ते दिसलं. तिसऱ्या मजल्यावरच्या मालनताई भाजी घेऊन येत होत्या.

"काय गं, काय झालं?"

"मावशी, भावाने दोन पत्रं पाठवली होती. पुढच्या वर्षी कोणते विषय घेऊ, विचारत होता. मला काहीच मिळालं नाही. त्याने फिजिक्स सोडून दिलं. तारीख गेली आता."

दुसऱ्या दिवशी मालनताईंनी लवूला गाठलं. "काय रे, पोरीची पत्रं कुठे गेली?"

"मी परत धाडलंय," लवू म्हणाला. "सेक्रेटरी बोलले, ह्या नावाचा हय कोण रवना नाय. माका काय म्हायत, ताई?"

रविवारी मालनताई आणि अकिनी यांची जिन्याखाली काकांशी गाठ पडली, तेव्हा ते सोसायटीची नोटीस लावत होते. मालनताई गरजल्या, "आम्ही मुंबईत घर शोधत होतो ना, तेव्हा आडनाव ऐकून लोक दार लावून घ्यायचे. तेही नियमच सांगायचे, शरदभाऊ!"

काका म्हणाले, "अहो, सोसायटीच्या शिस्तीसाठी..."

अकिनी पुढे आली. तिने स्वच्छ मराठीत विचारलं, "काका, मी रोज तुम्हाला नमस्कार करते. तुम्ही मला बघता. मग मी इथे राहत नाही, असं कसं सांगितलं?"

काकांनी नोटीस उलटी लावली, पुन्हा सुलटी केली आणि ते निघून गेले. माफी त्यांनी अजून मागितलेली नाही.

मालनताईंनी घरातून पांढरा रंग आणि ब्रश आणला. अकिनीने माझ्यावर मोठ्या अक्षरांत नाव रंगवलं. एका ओळीत मावेना, म्हणून 'ओडुओर' हे आडनाव खाली गेलं. जूनमध्ये लवूने ओटिएनोचं नवं पत्र माझ्यात टाकलं. पत्र छानच होतं म्हणे. पण त्या मुलाला फिजिक्स काही परत मिळालं नाही.

मित्रांनो, तुमच्या जिन्याखालीही माझ्यासारख्या पेट्या असतील. आज जाऊन पाहा, कुणाचं नाव लावायचं राहिलंय का. आम्हाला तेलपाणी नंतर केलंत तरी चालेल. आणि पोस्टमनने तुम्हाला एखादं अनोळखी नाव विचारलं, तर नाही म्हणण्याआधी दोन जिने चढा आणि दार ठोठावा.