कोनाकडूनच नाही

मालेगावच्या रस्त्यावर शालिग्राम इंगोलेंचं मंगल कार्यालय आहे. लग्नं नसली की तिथं गाण्याचे कार्यक्रम होत. गावातला ऑर्केस्ट्रा फुटला आणि गणेशने एक पार्टी काढली, साधनाने दुसरी. तेव्हापासून दोघंही शालिग्रामला येऊन सांगत, "त्याईले स्टेज देऊ नका."

"जो मांगन त्याचं स्टेज," एवढंच तो म्हणे, आणि दोघंही रुसत.

मग दोघांना शिकवणारे पेटीवाले उत्तमराव वारले. श्रद्धांजलीसाठी दोघांना एकच रविवार हवा होता. शालिग्रामने गणेशला दुपार दिली, साधनाला संध्याकाळ.

गणेश तणतणत आला. "काका, तुमी कोनाकडून हा, एकदाचं सांगा."

"कोनाकडूनच नाही, बापू. थकलो मी."

रविवारी गणेशचं गाणं संपलं आणि त्याची माणसं निघून गेली. रिकाम्या हॉलमध्ये उत्तमरावांची बायको तुळसाबाई तेवढी बसून राहिली. शालिग्रामने तिला चहा नेऊन दिला.

"घरी सोडून देऊ का, वैनी?"

"राहू दे. त्यायनं दोघाइले शिकवलं. मले दोघाइचं आयकाचं हाये."

तो तिच्या शेजारी बसला. संध्याकाळी साधनाने शेवटी भैरवी घेतली. दुपारी गणेशने तीच गायली होती, श्वासही त्याच जागी घेत. तुळसाबाईने पदराने डोळे पुसले.

सकाळी दोघांचेही फोन आले. दुसऱ्याला चांगला माइक दिला, अशी दोघांची तक्रार होती. शालिग्रामने वाद न घालता दोघांचंही पूर्ण ऐकून घेतलं.