दात शाबूत असलेली व्यक्ती

“दगडाला काय म्हणता, आजी?”

“यगल.”

“आणि तोंडाला?”

“थोंल.”

नरसिंगने दोन्ही शब्द वहीत उतरवले आणि कपाळावरचा घाम पुसला. सकाळपासून सत्तर शब्द झाले होते आणि सत्तरच्या सत्तर असेच. समोर ओट्यावर पार्वतीबाई पदराने तोंड झाकून बसल्या होत्या आणि बोलताना ओठ आत ओढून घेत होत्या. ही माळेवाडीचीच बोली म्हणावी, तर शेजारची पोर मघाशी अगदी सरळ बोलली होती. चूक म्हणावी, तर भाषाविज्ञानात चूक नावाची वस्तूच नसते, असं सर सांगत. “कानाला येईल ते लिहायचं. शुद्ध-अशुद्ध ठरवणारे तुम्ही कोण?” आणि हेच सर नरसिंगच्या तोंडून वर्गात ‘न्हाई’ निघालं की “नाही म्हणा” म्हणून त्याला थांबवत. यातलं कुठलं खरं धरायचं, हे बिचाऱ्याला वर्षभरात उमगलं नव्हतं.

न उमगणाऱ्या गोष्टींची तशी रांगच होती. उमरीहून नांदेडला एम.ए.ला आलेल्या या पोराला मराठी म्हणजे कथा-कविता एवढंच ठाऊक. इथे स्वन वेगळा आणि स्वनिम वेगळा. तोंडातून निघतो तो नुसता आवाज म्हणजे स्वन, आणि जो बदलला की शब्दाचा अर्थच बदलतो तो स्वनिम, हे त्याला घडाघडा पाठ होतं. पण पाठ असणं आणि कळणं यांत नांदेड-उमरीपेक्षा जास्त अंतर निघालं. चाचणीत तो सपशेल आपटला. एखाद्या गावच्या बोलीतले दोनशे शब्द जमवून त्यांचं पृथक्करण करून दाखवलंत तर पास, नाहीतर शिष्यवृत्ती विसरा, असं सरांनी बजावलं.

शब्द सांगणारा माणूस कसा निवडायचा, तेही त्यांनी लिहून दिलं होतं. वयस्कर, न शिकलेला, गाव न सोडलेला आणि दात शाबूत असलेला. कारण दात गेले की उच्चार बिघडतात. लातूर जिल्हा होऊन अजून वर्षही झालं नव्हतं. नव्या हद्दीवरचं एखादं गाव घ्या, असं सर म्हणाले होते, म्हणून नरसिंग अहमदपूरला एसटीतून उतरून उन्हातून दोन कोस चालत माळेवाडीला आला होता.

फाट्यावरच्या हॉटेलवाल्या लिंबाजीला त्याने तो कागद वाचून दाखवला.

“बत्तीस दाताची म्हातारी? हाय की, सायेब. पार्वतीबाई. ह्या वयात शेंगा दातानं फोडती.”

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला साहेब म्हटलं होतं. ते नरसिंगला गोड लागलं आणि त्याने दुरुस्त केलं नाही. लिंबाजी पुढे झाला आणि ओट्याजवळ जाऊन ओरडला, “पार्वतामाय, नांदेडहून सायेब आलेत! दात बघाया!”

आणि बघतो तर काय, बाई बोळक्या तोंडाची! लिंबाजीने थट्टा केली म्हणावी, तर त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता. तोंड उघडा म्हणायची नरसिंगला छाती होईना. मग म्हटलं, कानाला येतंय ते लिहावं.

“सापाला काय म्हणता?”

“हाप.”

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. गल्लीच्या तोंडाशी पहाटेपासून घागरींची रांग लागली होती. पार्वतीबाईंनी तिकडे मान वळवली आणि ताडकन उठून उभ्या राहिल्या.

“ए सरजे! माझी घागर मागं सारून राहिली काय गं? दात पाडून हातात दीन तुझ्या!”

अख्ख्या गल्लीने वळून बघितलं. नरसिंगने द ऐकला, त ऐकला, ड ऐकला, सगळे खणखणीत. पदर सुटलेल्या त्या तोंडात वरखाली दोन्ही ओळी भरलेल्या त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्या.

पार्वतीबाईंच्याही ते लक्षात आलं. त्यांचा चेहरा इतका उतरला की नरसिंगला बघवेना.

“लिवा,” ओट्यावर बसत त्या म्हणाल्या. “नामंजूर लिवा.”

“काय नामंजूर?”

“पगार. निराधाराचा. मालक जाऊन नऊ वर्सं झाली, पोर न्हाई बाळ न्हाई. गेल्या साली एक सायेब आला. जल्माचा दाखला आन, म्हनला. माझा जल्म कुनी लिवून ठिवलाय? मग तोंड उघड, म्हनला. बाजारात बैलाचं बघत्यात तसं बघितलं. एवढे दात हायेत, पासष्टची कुठली तू, म्हनला आन् काट मारली. आता नवा जिल्हा झाला, नवे सायेब फिरून तपासनार म्हनत्यात. तुम्ही आल्या आल्या आजी म्हनलात. मला वाटलं, झालं काम.”

वहीतल्या सत्तर शब्दांचं कोडं सुटलं होतं, पण त्याचा आनंद कसला! सकाळी फाट्यावरच ‘मी साहेब नाही’ एवढं बोललो असतो तर ही वेळ आली नसती, हे नरसिंगला कळत होतं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

“आजी, मी साहेब नाही,” तो म्हणाला. मग वर्गातली मराठी त्याला पुरेना. “म्या कुनीच न्हाई. नांदेडला शिकून राहिलो. ह्ये शब्द परीक्षेला पायजेत. पगाराचं माझ्या हातात काईच न्हाई.”

“काईच न्हाई?”

“न्हाई.”

त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि टँकरकडे गेल्या. नरसिंगने वही पिशवीत टाकली. न सांगता निघून जाणं बरं दिसेना, आणि थांबावं तर कोणत्या तोंडाने थांबावं, तेही कळेना. तो तसाच बसून राहिला.

पार्वतीबाई घागर घेऊन परत आल्या. आत जाऊन अर्धा तांब्या पाणी घेऊन बाहेर आल्या आणि त्याच्यापुढे धरला.

“पी. परीक्षा माझ्या बोलन्यावर हाय व्हय रं?”

“हाव.”

“आन् म्या तर सकाळपासून खोटंच बोलले. तू नापास व्हशील की.”

“व्हईन.”

“मग काढ वही. आपल्या दोघांत एकाचं तरी व्हवू दे. पयल्यापासून पुस.”

नरसिंगने भरलेली पानं उलटून कोरं पान काढलं. पार्वतीबाईंनी पदर डोक्यावर घेतला, पाठ भिंतीला लावली आणि एकेक शब्द सांगायला घेतला. गल्लीतून येणारी-जाणारी माणसं थांबून बघत होती. बघू देत, म्हणाल्या. ऊन कललं तेव्हा दोनशे पुरे झाले होते.

शेवटच्या पानावर सांगणाऱ्याची माहिती भरायची होती. नाव लिहिलं, गाव लिहिलं.

“वय?” त्याने वर न बघता विचारलं.

“पासष्ट,” पार्वतीबाई म्हणाल्या. एकेक अक्षर स्वच्छ.

नरसिंगने तेच लिहिलं, आकड्यात आणि अक्षरीसुद्धा.