सात नंबरचं पाणी

मी सात नंबर बोलतेय. नाव म्हणून मला एवढंच मिळालं, तेही लोखंडी झाकणावर पिवळ्या रंगाने. मी एक नळी आहे. पांढरी, प्लास्टिकची, दोन इंच रुंद आणि जमिनीत पंचेचाळीस फूट खोल. माझ्या खालच्या दहा फुटांना बारीक चिरा आहेत, त्यांतून पाणी आत येतं. कागदावर मला विहीर म्हणतात. पण माझ्यात कधी कोणी पोहरा सोडला नाही. जमिनीखालचं पाणी बिघडलंय की सुधारतंय, एवढं पाहायला मला रोवलं.

माझ्या आधी या जागेवर ड्रायक्लीनिंगचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे मशीन, त्यामागे एक दार. सत्तावीस वर्षं लोकांचे कोट, पडदे आणि गालिचे इथे धुतले गेले. मालक वारला, दुकान बंद पडलं, पुतण्याने जागा विकायला काढली. घेणाऱ्याने आधी माती तपासायला लावली आणि व्यवहार तिथेच थांबला. धुलाईचं रसायन मातीत मुरलं होतं. मग बांधकाम पाडलं, कुंपण घातलं, आणि दोन दिवसांत आम्ही आठ जणी जमिनीत उभ्या राहिलो. मी मागच्या दाराच्या जागी.

पहिल्या दिवसापासून माझ्या पाण्याला गोडसर वास होता. मला तो वाईट वाटला नाही, चांगलाही वाटला नाही. मला दुसरं पाणीच माहीत नव्हतं.

दर तीन महिन्यांनी प्रयोगशाळेतली एक बाई यायची. तिला गल्लीतले लोक बाटलीवाली म्हणायचे. ती गुडघ्यावर बसून माझ्या झाकणाचे तीन बोल्ट काढायची, फीत आत सोडायची, फीत पाण्याला टेकली की टिट् असं वाजायचं. मग बारीक पंप. मग बोटाएवढ्या बाटल्या, काठोकाठ भरलेल्या. आत हवेचा एक बुडबुडा दिसला तरी ती बाटली बाजूला ठेवून दुसरी भरायची. बाटल्या बर्फाच्या पेटीत जायच्या, झाकण परत बसायचं. झाकण बंद असलं तरी मला वरचं ऐकू येतं. जमिनीत बोलणं बरं पोचतं.

कुंपणाच्या आत एक म्हातारा राखण करायचा. पालथ्या बादलीवर बसलेला. दुकानात बावीस वर्षं त्यानेच मशीन चालवलं होतं, म्हणून त्याला मशीनवाले काका म्हणत. मागच्या भिंतीपलीकडेच त्याचं घर. बायको दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, मग वारली. मूत्रपिंडं निकामी झाली होती. घरात आता तो आणि त्याची मुलगी. काका फारसा बोलत नसे. कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचा, तेवढंच.

सफाई सुरू झाली. जिथे मशीन होतं तिथली माती दहा फूट खोल खणून नेली. पंप लावून पाणी उपसलं. बाकी सात जणींच्या पाण्यातले रसायनाचे आकडे उतरत गेले. माझा आकडा चार हजारांवरून नऊशेवर आला आणि परत साडेतीन हजारांवर चढला. पुन्हा उपसलं, पुन्हा चढला. सुरक्षित म्हणतात तो आकडा पाच आहे.

"सात नंबर काही ऐकत नाही," बाटलीवाली एकदा म्हणाली.

"नळी बिघडलीय का?" काकाने विचारलं.

"नळी ठीक आहे हो. कुठूनतरी नवीन माल येतोय. कुठून, तेच कळत नाही. तीन वर्षं झाली, सगळे डोकं खाजवताहेत."

काका उठला, बादली उचलली आणि सावलीत जाऊन बसला.

पुढच्या खेपेला तिच्याकडे नकाशा होता. मुलगी चहा घेऊन आली होती. "नळाचा आहे, बिनधास्त प्या," ती म्हणाली. बोअरचं पाणी वापरू नका असं त्या घराला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं.

बाटलीवालीने चहा घेतला, पण नकाशावरून नजर काढली नाही. "रसायन उताराकडे सरकतंय," ती म्हणाली. "कोपऱ्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींच्या बोअरमध्ये सापडलं. आज सकाळी त्यांच्या दारावर नोटीस लावून आले."

"मावशींच्या?" मुलगी म्हणाली. "अहो, पण त्या तर गेली कित्येक वर्षं तेच पाणी पितात."

ही मावशी काकाच्या बायकोची मैत्रीण. आजारपणाची दोन वर्षं ती रोज दुपारी हातातलं शिवण घेऊन उशाशी येऊन बसायची. काका दुकानात असायचा, मुलगी नोकरीवर. तोंडात पाणी घालायला मावशीच होती.

काका मागच्या भिंतीकडे बघत होता. मग म्हणाला, "मॅडम, तुम्ही चुकीच्या ठिकाणी खणलंत."

"म्हणजे?"

"मशीनखाली काही नव्हतं. थेंब थेंब गळायचं तेवढंच. त्या भिंतीला लागून खणा. भिंतीच्या पायापासून दोन हात अलीकडे. तिथे खड्डा आहे. वर फरशी टाकलीय, त्यावर माती."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच खणला. मीच ओतायचो. धुतलेलं रसायन मशीन पुन्हा शुद्ध करायचं, तळाला काळा गाळ उरायचा. दर शनिवारी दोन बादल्या. मालक म्हणाले, जमिनीत जाऊ दे, जमीन सगळं पोटात घेते."

"किती वर्षं?"

"मी होतो तोवर."

बाटलीवालीने कप खाली ठेवला. तिचा आवाज चढला नाही. "काका, तीन वर्षं आम्ही इथे मशिनं लावून शोधतोय. तुम्ही रोज इथेच बसलेले असता. बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलं नाही," काका म्हणाला. मग म्हणाला, "विचारलं असतं तरी बोललो असतो की नाही, माहीत नाही."

मुलगी तिथेच उभी होती. तिने विचारलं, "आईला ठाऊक होतं?"

"नाही. कपड्यांना वास कसला येतो, विचारायची. मी सांगायचो, साबणाचा."

मुलीने दोन्ही कप उचलले. एकात अजून चहा होता, तो तिने जमिनीवर ओतला नाही, तसाच घेऊन गेली.

दहा दिवसांनी खणायचं पिवळं मशीन आलं. खड्डा निघाला, काकाने सांगितला तिथेच. पांढरे झगे आणि तोंडाला मास्क घातलेली माणसं खाली उतरली. माती डांबरासारखी काळी होती. ती पिंपांत भरली, पिंपांना झाकणं ठोकली, ट्रक गेले. खड्ड्याभोवती बांधलेल्या पट्टीबाहेर काका सकाळपासून संध्याकाळपर्यंत उभा असायचा. त्याचा जबाब दोन साहेबांनी लिहून घेतला. त्यांनी विचारलं तेवढं त्याने सांगितलं. मालक हयात नव्हता, म्हणून प्रकरण कागदावरच राहिलं. बादलीवर बसून राखण करायची नोकरी मात्र गेली.

त्याच आठवड्यात मावशी कुंपणाशी आली. साठी ओलांडलेली बाई, गळ्यात मोजायची टेप तशीच लटकत होती.

"तिच्या उशाशी मी बसत होते, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"ओततो हे माहीत होतं. पाण्यात उतरलं असेल हे मनात आलं, पण नंतर."

"कधी?"

"ती गेल्यावर. मग मी विचार करायचाच सोडला."

"मी तिला पाणी पाजायचे, भावजी. तुमच्या बोअरचं. माझ्या हातानं."

काका म्हणाला, "हो."

ती आणखी काहीतरी म्हणेल असं मला वाटलं. ती पाठ फिरवून निघून गेली. त्या पाण्यानेच काकाची बायको वारली की कसं, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. पुढे काका आणि मावशी, दोघांचीही त्याच डॉक्टरांकडे तपासणी झाली. मावशी ठीक निघाली. काकाच्या यकृतावर डाग होता, तो अजून आहे.

पुढची सहा वर्षं सांगण्यासारखी नाहीत. माझ्या शेजारून जमिनीत एक तेलकट पातळ द्रव सोडला. तो खाऊन मातीतले जंतू वाढतात आणि रसायनाचे तुकडे पाडतात, असं बाटलीवाली नव्या मदतनीस मुलीला समजावत होती. मला खालून फक्त कुजका वास यायचा. आकडा हजारावर आला, मग दोनशे, मग चाळीस. या वेळी परत चढला नाही. मावशीच्या घरी नळ आला. काकाची मुलगी त्याला दोन्ही वेळचं जेवण वाढते, औषधं वेळेवर देते आणि कामापुरतं बोलते. हे काकानेच बाटलीवालीला सांगितलं, तक्रार म्हणून नव्हे. तिने विचारलं, "घरी सगळं कसं आहे?" म्हणून.

काल बाटलीवाली निकालाचा कागद घेऊन आली. तिच्या केसांत आता पांढरं दिसतं. काका काठी टेकत भिंतीच्या मोडक्या भागातून आत आला.

"किती?" त्याने विचारलं.

"तीन. ओळीने चौथ्यांदा पाचच्या खाली. झालं, काका. जागा मोकळी झाली."

"बरं."

"मला वाटलं, तुम्हाला आनंद होईल."

"व्हायला हवा," काका म्हणाला. "आत चाचपून बघतोय. काही हाताला लागत नाहीये." थोडं थांबून त्याने विचारलं, "तुम्हाला झाला?"

तिने कागदाची घडी घातली. "सकाळी निकाल आला तेव्हा मी भाजी चिरत होते. पुढे चिरत राहिले."

मग पलीकडून मुलीने हाक मारली. "मावशींचा निरोप आहे. तीन आला का, विचारताहेत."

काकाने मान वर केली. गेल्या सहा वर्षांत मावशीने त्याला काही विचारलं नव्हतं.

"सांग, तीन आला," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "नको. थांब. मीच जाऊन सांगतो."

त्याची काठी माझ्या झाकणावर एकदा वाजली. मग पावलं कोपऱ्याच्या दिशेने गेली, अगदी सावकाश, मध्ये दोनदा थांबत. दार उघडलं की नाही, तेवढ्या लांबचं मला ऐकू येत नाही.

उद्या सकाळी माझ्यात तळापासून वरपर्यंत सिमेंट भरतील. नळी तशीच सोडली तर वरची घाण खाली उतरते, म्हणून भरावंच लागतं. मला भीती वाटत नाही. वाईट वाटतंय असंही म्हणवत नाही. माझ्या चिरांतून आत्ता पाणी येतंय, त्याला कसलाच वास नाही. वर उद्या घरं होतील, दुकान होईल, काहीही होईल. जे कोणी याल, ते कुठे काय टाकता हे घरच्यांना खरं सांगत जा. बाकी माझं काही मागणं नाही. झाकण लावा आता.