दारासमोरची खुर्ची

लोक मला पडद्याचा रंग विचारायला बोलावतात आणि त्यांच्या मनात असतं भलतंच. ‘हॉल मोठा दिसायला हवा’ म्हणजे शेजाऱ्यांचा मोठा आहे. ‘जरा मोकळं करून द्या’ म्हणजे सासूबाईंचं कपाट काढायचंय, फक्त नाव तुमचं व्हायला हवं. घरं सजवून देण्याच्या धंद्यात माझे केस पिकले, त्यामुळे ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं मला दारातच ओळखू येतात.

या बाई त्यातल्याच. मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झाल्या तरी आवाज अजून वर्गातलाच. हॉल असा करून द्या की माणसाला येऊन बसावंसं वाटेल, एवढंच म्हणाल्या. कुठल्या माणसाला, ते काही सांगेनात. घरात त्या स्वतः, कोपऱ्यातल्या टेबलाशी घड्याळं दुरुस्त करत बसलेले त्यांचे यजमान, आणि एका खोलीचं बंद दार.

माझी एक पद्धत आहे. तोंड उघडायच्या आधी मी घरातल्या प्रत्येक खुर्चीवर बसून बघते. लोकांना वाटतं, आल्या आल्या दमली. पण बसणाऱ्याला समोर काय दिसतं ते कळल्याशिवाय सल्ला देणं म्हणजे अंगाचं माप न घेता कपडे शिवणं. तशी सगळीकडे बसले आणि मग सुनावलं. सोफा म्हणजे नाकापेक्षा मोती जड. भिंतींचा हिरवा रंग दवाखान्यातला. शोकेसमध्ये बाहुल्या कमी आणि धूळच जास्त. बाईंनी सगळं निमूटपणे मान्य केलं. सोफा पलीकडच्या भिंतीला जाईल, शोकेस निघेल, ट्यूबलाइटच्या जागी दोन दिवे येतील.

अडलं ते एका खुर्चीवर. हातांची, जुनी, बरोबर त्या बंद दारासमोर ठेवलेली. जायच्या-यायच्या वाटेत, खिडकीकडे पाठ, वाचायला उजेड नाही. मी परोपरीने सांगून पाहिलं. “ती तिथेच राहील,” बाई म्हणाल्या. यजमानांनी डोळ्याचं भिंग न काढताच मला सांगितलं की आधी हिला हलवा, खुर्ची आपोआप हलेल.

मग मी सरळ विचारलं की त्या दारामागे काय आहे. बाईंनी मला स्वयंपाकघरात नेलं आणि आवाज खाली आणून सांगितलं. मुलगा. गेल्या वर्षी त्याची नोकरी गेली. आधी दुसरी शोधायला जात होता, मग शोधणं थांबलं, मग खोलीतून बाहेर येणंच थांबलं. ताट आत घेतो, रिकामं दाराशी ठेवतो. हे दोघे झोपले की मग वावरतो. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर नको म्हणतो.

“त्याला कुणी काही बोलत नाही हो,” बाई म्हणाल्या. “मी नुसती तिथे बसते. कधी आलाच बाहेर, तर समोर आपलं माणूस असावं ना.”

आणि हॉल छान झाला तर तो येऊन बसेल, या आशेवर त्यांनी मला बोलावलं होतं. एवढं मोठं काम आजवर कुणी माझ्या अंगावर टाकलं नव्हतं.

पडद्यांचं माप घ्यायचं निमित्त करून मी दार वाजवलं. त्याने उघडलं. खोली नीटनेटकी, अंथरुणाची घडी केलेली, पोरगा शांत आणि सभ्य. टेपचं दुसरं टोक न सांगता धरलं त्याने. जाता जाता मी विचारलं, तुला काही बदलून हवंय का रे. त्याने टेप गुंडाळून माझ्या हातात ठेवली.

“काकू, या खोलीला जिन्याकडे वेगळं दार काढता येईल का?”

बघते, असं काहीतरी पुटपुटले मी आणि बाहेर यायला दार उघडलं.

दार उघडताच समोर बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. त्या चेहऱ्यावर आशा होती, काळजी होती, आणि ‘बाळा, आता पुढे काय?’ हा प्रश्नही होता. मग मी आहे असं दिसलं आणि त्या पुन्हा बसल्या. माझी कातडी जाड आहे, तरी मला मागच्या मागे आत जावंसं वाटलं. त्या पोराला पेलाभर पाण्यासाठी दर वेळी हा चेहरा ओलांडायचा होता.

मी म्हटलं, “बाई, खुर्ची खिडकीकडे फिरवायची. दाराकडे पाठ.”

“आईने पोराकडे पाठ करायची?”

“इतके दिवस तोंड करून बसलात. आला?”

माझी जीभ अशीच आहे, आधी चालते आणि मग मला कळवते. बाई लाल झाल्या आणि मग रडल्या, तोंडावर पदरसुद्धा न घेता. यजमान उठले. हातातलं घड्याळ खाली ठेवून त्यांनी स्वतः खुर्ची फिरवली आणि दुसरी एक आणून तिच्या शेजारी ठेवली. समोर नाही, शेजारी.

पुढे बाईंचे रोज फोन. पाठीला डोळे फुटायची वेळ आली म्हणाल्या. मी दटावलं, कडी वाजली तरी मान वळवायची नाही. “बोलायला काय जातंय, पाठ माझी आहे,” त्या म्हणाल्या.

पडदे शिवून आले तेव्हा मी स्वतःच लावायला गेले. खिडकीशी स्टुलावर चढून दांडी बसवत होते, खाली बाई खुर्चीत. आणि कडी वाजली. बाईंनी खुर्चीचे हात घट्ट धरले. बोटं पांढरी पडली, पण मान जागची हलली नाही. पावलं स्वयंपाकघरात गेली, माठावर झाकण वाजलं, पावलं परत आली आणि आमच्या मागे थांबली. यजमानांनीही भिंग डोळ्यावरून काढलं नाही. मग शेजारची खुर्ची करकरली.

“काकू, दांडी डावीकडून खाली आलीये,” तो म्हणाला.

“मी कधीची तेच सांगतेय,” बाई खिडकीकडे बघतच म्हणाल्या. त्यांनी तोवर चकार शब्द काढला नव्हता. डोळ्यांतून धार लागली होती, पण हात वर गेला तर त्याला दिसेल म्हणून त्या पुसत नव्हत्या.

दांडी अगदी सरळ होती, मी पाणसळ लावून बघितली होती. तरी मी डावी बाजू थोडी उचलली.

“अजून थोडी,” तो म्हणाला, आणि उठून त्याने माझं स्टूल धरलं.