अक्षता लावलेला पंख

मेली माझीच बुद्धी, दुसऱ्या कुणाला बोल लावू?

आमच्या कळव्यात नवी होडी पाण्यात जायची, तर आधी तिच्या नाळीला, पुढच्या टोकाला, हळद लावून अक्षता चिकटवायच्या. घरधनी होड्या बांधायचे. राघो सुतार म्हटलं की खाडीच्या दोन्ही काठांना ठाऊक.

ठाण्याला आगगाडी येऊन चाळीस वर्षं झाली असतील. पुलाच्या कामावर एक गोरा साहेब होता, त्याला उडायचं खूळ. वारा पंखाला मागे ओढतो, ती ओढ कमी झाली तरच माणूस उडेल, असं तो म्हणायचा. त्याने लाकडाचा एक पंख केला होता, त्याची पुढची कड सुरीसारखी पातळ. घरधनी म्हणाले, पुढून जाड, गोल ठेवा, मागे निमुळता करा. मासा तसाच असतो, माझा बाप होड्या तशाच बांधायचा. साहेबाने पैज लावली. दोन्ही पंख वाऱ्यात टांगायचे. राघोच्या पंखाला ओढ कमी बसली, तर उडायचं अख्खं यंत्र राघोनेच बांधायचं.

महिनाभर त्यांनी सावरीचं लाकूड घासलं. गालावर फिरवून बघायचे, कुठे खरखरतंय का.

परीक्षेच्या सकाळी मी डिंकात हळद कालवली आणि आमच्या पंखाच्या पुढच्या कडेला ओळीने तांदूळ चिकटवले. घरधन्यांनी पाहिलं, हात जोडले, पंख उचलला.

मिठागराच्या बांधावर ओढ मोजायचा काटा लावला. आमच्या पंखाला ओढ जास्त भरली. साहेब हसला, म्हणाला, होड्याच बांध. दुसऱ्याच आठवड्यात त्याची बदली झाली, गेला कुठे देवाला ठाऊक.

पुढे एकदा काळुराम कोळ्याची होडी दुरुस्तीला उलटी घातली होती. बुडाला बारीक शिंपले चिकटलेले. काळुराम कुरकुरत होता की एवढ्याएवढ्याशा शिंपल्यांनी होडी जड होते, पुढे सरकत नाही. घरधनी शिंपले खरवडत होते. मला पंखाच्या कडेचे ते तांदूळ आठवले, आणि हातातलं डांबराचं भांडं मी खाली ठेवलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. भ्याले, दुसरं काय! देवाच्या नावाने मीच त्यांचा घात केला, हे कुठल्या तोंडाने बोलणार?

पैज हरल्यापासून घरधनी नाळ गोल करायचे, मग तासून पातळ करायचे, मग फळीच फेकून द्यायचे. गिऱ्हाइकं कोपर गावच्या सुतारांकडे जायला लागली.

एकदा जेवताना हात थांबवून त्यांनी विचारलं, "बायजे, माझा बाप चुकला होता का गं?"

"असेल," मी म्हटलं, आणि भाकरी वाढली.