घट्ट तीर्थ

माया वन्सं टिटवाळ्याहून मुद्दाम आल्या होत्या, शुभदाला दुपारभर मोकळं सोडायला. आता मोकळं म्हणजे नक्की काय करायचं असतं, हे शुभदा विसरूनच गेली होती. गणपतीत तिच्या नवऱ्याला, आनंदला, अर्धांगाचा झटका आला आणि तेव्हापासून नौपाड्यातलं ते घर म्हणजे एक खाट, एक खुर्ची आणि तिचा जागता डोळा. उजवा हात गेला, पाय गेला, बोलणं गेलं. सगळ्यात वाईट म्हणजे गिळणं बिघडलं. पातळ काही प्यायला की ते पोटात जायच्या ऐवजी छातीत उतरायचं. दिवाळीत साध्या पाण्याने न्युमोनिया होऊन तो मरता मरता वाचला होता. म्हणून चहा, पाणी, ताक, सगळं डब्यातली पावडर घालून खिरीसारखं घट्ट करायचं आणि चमच्याने भरवायचं.

"वन्सं, पाणी नाही हं द्यायचं. चहा नाही. त्यांनी खूण केली तरी नाही. हा डबा, हा चमचा."

"अगं बाई, किती वेळा सांगशील? तुझ्या आधीपासून भाऊ आहे तो माझा. जा तू. तोंड बघ कसं सुकलंय."

बोचलं, पण खोटं नव्हतं.

घोडबंदर रोडला हेमांगीकडे चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. बँकेतल्या जुन्या मैत्रिणी जमलेल्या. जी ती विचारत होती, आनंदराव कसे आहेत? चालतात का? बोलतात का? तू कशी आहेस, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आलं असतं तर शुभदा आंब्याच्या डाळीची वाटी हातात घेऊन तिथेच रडली असती, तेव्हा बरंच झालं म्हणायचं.

ती निघता निघता हेमांगीच्या सासूबाईंनी तिच्या तळव्यावर पळीभर तीर्थ घातलं. शुभदाने ते घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला, आणि तो हात तसाच डोक्यावर राहिला.

वन्संची पर्स. त्या पर्समध्ये टिटवाळ्याच्या गणपतीच्या तीर्थाची छोटी बाटली असतेच. वन्सं कुणाकडेही गेल्या की आधी बाटली निघते, मग चपला. पाणी नको हे सांगितलं होतं, चहा नको हे सांगितलं होतं. तीर्थ नको हे सांगितलं नव्हतं. कसं सुचणार? तीर्थाला पाणी कोण म्हणतं? शुभदानेही जन्मात कधी म्हटलं नव्हतं.

तिने फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. वन्संचा फोन कायम पर्सच्या तळाशी आणि वन्सं कायम दुसऱ्या खोलीत. शेजारच्या भावनाताई नेमक्या गावाला गेलेल्या. मिळेल ती रिक्षा करून ती निघाली, तर पुढे मेट्रोच्या कामाने रस्ता तुंबलेला.

"दादा, जरा लवकर घ्या ना."

"ताई, उडवत नेऊ काय?" रिक्षावाला म्हणाला. त्याचंही बरोबर होतं.

तिला दिसायला लागलं. आनंदचा निळा पडत जाणारा चेहरा, वन्संची धावपळ, दिवाळीतली ती घरघर. देवा, नको, असं ती पुटपुटत होती. आणि मग, कुठून कोण जाणे, मनात आलं: झालं असेल तर झालं. सुटतील ते. मीही सुटेन. रात्रभर झोपेन.

शुभदाला स्वतःची शिसारी आली. तिने पदर तोंडावर दाबून धरला. पण आलेला विचार काही परत जाईना. घरापर्यंत तो तिच्या शेजारीच बसून आला.

दार वन्संनीच उघडलं. डोळे रडून लाल झालेले. त्यांना बाजूला सारून शुभदा आत धावली.

"अहो?"

आनंद खुर्चीत होता. ताठ बसलेला, बनियन छातीवर भिजलेलं, ओठ गच्च मिटलेले. श्वास नाकाने चालला होता, साफ, घरघर नव्हती.

"बघ तुझ्या नवऱ्याचं," वन्सं हुंदका देत म्हणाल्या. "देवाचं तीर्थ घेईना गं. तीनदा पळी ओठाला लावली. बाप्पाचं आहे रे आनंदा, म्हटलं. डाव्या हाताने मला ढकललंन. रोज तीर्थ घेतल्याशिवाय ऑफिसला न जाणारा माणूस. आणि मघापासून त्या डब्याकडे बोट करून बसलाय."

शुभदाने डब्याकडे पाहिलं. ती रिक्षात सुटकेचा हिशेब मांडत होती, तेव्हा हा माणूस देवालासुद्धा नाही म्हणून तोंड मिटून बसला होता. त्याला जगायचं होतं. तिने सांगितलं होतं तसं, त्या डब्यातलं खाऊन.

तिने डबा उघडला. बाटलीतलं उरलेलं तीर्थ वाटीत ओतलं, त्यात पावडर घातली आणि ढवळायला लागली.

"तीर्थात पावडर?" वन्सं रडायच्या थांबल्या.

"हो वन्सं."

घट्ट झाल्यावर तिने चमचा पुढे केला. आनंदने लगेच आ केला. हनुवटी खाली, सावकाश, शिकवल्याप्रमाणे त्याने गिळलं. मग नेहमीसारखा डावा हात उचलून डोक्यावरून फिरवला आणि तिच्याकडे बघितलं. यांना माझ्या मनातलं कळलं तर, असं मनात येऊन तिने नजर वाटीकडे वळवली. मग पुढचा चमचा भरला.

आनंदने पुन्हा तोंड उघडलं.