आभाळातला डाग

आमच्या स्टुडिओत कामाची वाटणी सरळ आहे. हे फोटो काढतात आणि मी ते निस्तरते. कुणाच्या नाकावरचा फोड, मागून गेलेली विजेची तार, मध्येच घुसलेलं कुत्रं, सगळं मी कॉम्प्युटरवर बसून पुसते. माझ्या हातून गेलेल्या फोटोत डाग राहिला, असं आजवर कुणाची म्हणायची हिंमत झालेली नाही.

पंपवाल्यांच्या मुलीच्या लग्नातला मोठा फोटो त्याच रात्री समोर आला तेव्हा मात्र मी कपाळाला हात लावला. पंपवाले म्हणजे चौकातल्या पेट्रोल पंपाचे मालक. फोटो बागेतला, अंधारून आल्यावर काढलेला. घरची झाडून सगळी माणसं उभी होती आणि नवरीच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी. ती तिच्या भावाची. तो रॉकेट सोडतात तिथे कामाला, आणि उड्डाण नेमकं लग्नाच्या दिवशी, त्यामुळे सुट्टी नाही. मुलानं पंप सोडून रॉकेट धरलं म्हणून पंपवाले आधीच घुश्शात होते. तो लग्नालाही येत नाही म्हटल्यावर त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. नवरी मात्र हटून बसली. "दादाची जागा सोडा, काकू त्याला नंतर चिकटवतील," असं यांना बजावून तिनं ती जागा राखली होती.

चिकटवणं मला नवीन नाही. पण इथे आणखी दोन भानगडी होत्या. सगळे समोर बघत असताना पंपवाल्यांनी एकट्यांनी मान मागे वळवलेली. आणि त्या रिकाम्या जागेच्या बरोबर वर, आभाळात, एक भलामोठा पांढुरका डाग. गोल गोल वेटोळं घातलेला.

"लेन्स पुसता का कधी?" मी यांना विचारलं.

"पुसलेली होती," हे म्हणाले. "तो त्या लाइटवाल्याचा काहीतरी चाळा असेल. माझ्या पाठीमागे आचारी पण ओरडत होते, वर बघा, वर बघा म्हणून. मी म्हटलं, खबरदार कुणी वळलं तर! किती मुश्किलीनं सगळ्यांचे डोळे एकदम उघडे मिळाले होते, माहितीये?"

मी डाग पुसला. पंपवाल्यांना दुसऱ्या फोटोतलं सरळ बघणारं डोकं बसवलं. भावाला त्याच्या कॉलेजातल्या एका फोटोतून उचलून बहिणीशेजारी उभा केला. मग नेहमीप्रमाणे मूळ फोटो उडवून टाकला. पसारा मला खपत नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुकानात येणारा जो तो आभाळातल्या वेटोळ्याबद्दलच बोलू लागला. कुणी म्हणे परग्रहावरचे लोक आले, कुणी म्हणे जग बुडणार. मी म्हटलं, बुडायच्या आधी आपापले पासपोर्ट फोटो घेऊन जा. ते वेटोळं मी स्वतः पाहिलं नव्हतं, आणि पुसलेला डाग मी लक्षात ठेवत नाही.

मग एका दुपारी नवरी आली. सोबत सुट्टी मिळून घरी आलेला भाऊ, आणि मागून ओढून आणल्यासारखे पंपवाले. ते दाराजवळच्या बाकावर पेपर उघडून बसले, मुलाकडे पाठ करून. मी ऐटीत फोटो दाखवला.

"हा शर्ट!" भाऊ म्हणाला. "अहो, याचं फडकं होऊनही जमाना झाला."

नवरी हसली, पण उगीच, माझं मन राखायला. हे कळतं मला.

तेवढ्यात हे मध्ये पडले. "तुम्ही रॉकेटवाले ना? मग ते वेटोळं काय होतं ते तरी सांगा. आमच्या गिऱ्हाइकांनी डोकं उठवलंय."

भावाचा चेहरा उजळला. "ते आमचंच! त्या दिवशीच्या उड्डाणाचं." त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आमचं फिरतं स्टूल ओढलं, फोटोआधी केस बसवायला ठेवलेली पाण्याच्या फवाऱ्याची बाटली उचलली. "एक दिवा ठेवून बाकीचे बंद करा." स्टुलावर बसून त्यानं पायानं जोरात गिरकी घेतली आणि बाटली दाबत सुटला. थेंबांची चमचमती वेटोळी खोलीभर उधळली, आमच्या चष्म्यांवर, कॅमेऱ्यावर, सगळीकडे. "काम झालं की रॉकेटचा वरचा भाग उरलेलं इंधन सोडून देतो. तो स्वतः गरगरत असतो, म्हणून फवारा असा पसरतो. तिथल्या थंडीत त्याचे बारीक कण गोठतात. आपल्याकडे सूर्य बुडालेला असतो, पण तेवढ्या उंचीवर अजून ऊन असतं. ते कणांवर पडतं आणि खाली अंधारात आपल्याला दिसतं. बस, एवढंच!"

पेपर खाली आला. "त्याला विचार," पंपवाले मुलीला म्हणाले, "इंधन ओतून देतात?"

"बाबांना सांग," स्टुलावरून फिरत फिरतच उत्तर आलं, "टाकीत राहिलं तर पुढे कधीतरी फुटेल, वर कचरा होईल. म्हणून."

नवरी हसली नाही. ती यांच्याकडे बघत होती. "म्हणजे आचारी ओरडत होते ते हेच? दादा, तू आला होतास, आणि आम्ही सगळे तुझ्याकडे पाठ करून उभे होतो." तिचे डोळे भरले. "काकू, फोटोत तरी आलं असेल ना?"

स्क्रीनवर माझं लख्ख आभाळ.

"मी पुसलं," मी म्हणाले. "मला वाटलं, डाग आहे."

मला स्वतःचे हात कुठे ठेवावे ते कळेना.

"अगं," हे हळूच म्हणाले, "ओरडणार नसशील तर सांगतो. मी कॅमेऱ्याचं कार्ड अजून रिकामं केलेलं नाही."

या एका सवयीवरून मी आयुष्यभर या माणसाचं डोकं खाल्लंय. ड्रॉवरमधल्या गोळ्या, बटणं आणि मेलेल्या सेलांतून त्यांनी ते कार्ड शोधून काढलं, आणि मला त्यांच्या गचाळपणावर इतकं प्रेम आलं की काय सांगू!

फोटो उघडला. रिकामी जागा, आणि तिच्यावर आभाळभर पसरलेलं उजेडाचं वेटोळं. खाली सगळे शहाण्यासारखे कॅमेऱ्याकडे बघताहेत. फक्त पंपवाले मान वळवून, आ वासून, वर.

"बाबा! तुम्ही पाहिलंत?"

पंपवाले उठून स्क्रीनजवळ आले.

"पाहिलं," ते म्हणाले. "वाटलं, पोरगं इथे असतं तर त्याला विचारलं असतं, हे काय आहे म्हणून."

स्टूल थांबलं. पंपवाले मुलाकडे वळले. बोलणं टाकल्यापासून पहिल्यांदाच, थेट त्याच्याकडे.

"किती लिटर सांडलंस?"

मुलगा हसला. त्यानं उठून बापाला मिठी मारली, हातातल्या बाटलीसकट, आणि पंपवाल्यांची पाठ भिजली.

"काकू, हाच फोटो द्या," नवरी नाक ओढत म्हणाली. "बाबांची मान तशीच राहू दे. जागाही रिकामीच राहू दे."

मी तो फोटो आहे तसा छापला. कोपऱ्यात यांच्या अंगठ्याचा ठसा उमटलाय, खराखुरा, लेन्सवरचा. तोही मी पुसला नाही.